सरासरीत बिबवेवाडी सापडत नाही

जनगणना लांबली म्हणून काय आभाळ कोसळलं, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. बोलणारे अडाणी नसतात. त्यांत निवृत्त अधिकारी असतात, आकडेवारीत मुरलेले संगणकवाले असतात, पुण्यात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत ठासून बोलणारे शेजारीही असतात. त्यांचं म्हणणं असं की, शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची कोविडमुळे राहिली. पुढची 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. मधली सोळा वर्षं देशाचा गाडा चाललाच ना? केंद्राच्या तज्ज्ञ गटाचे अंदाज आहेत, आधार आहे, मतदार याद्या आहेत, विजेचे मीटर आहेत. मग लाखो प्रगणक दारोदार पाठवून डोकी मोजण्याचा हट्ट कशासाठी?

या म्हणण्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यातलं अर्धं अगदी खरं आहे. त्या खऱ्या अर्ध्याच्या आडोशाने उरलेलं अर्धं खपून जातं, आणि त्याची किंमत शेजारच्या अप्पर इंदिरानगरच्या गल्ल्यांतली माणसं मोजतात.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. दोन जनगणनांच्या मधल्या काळात देशाची लोकसंख्या किती, हे आपल्याकडे हवेत ठरवलं जात नाही. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञ गटाने 2011 ते 2036 या पंचवीस वर्षांचे अंदाज बांधले आहेत. त्यांची रीत साधी पण कसोशीची आहे. 2011 मध्ये वीस ते चोवीस वयाच्या जेवढ्या बायका मोजल्या गेल्या, त्या पाच वर्षांनी पंचवीस ते एकोणतीस वयात येणार. त्यांतल्या त्या वयात किती दगावतात ते वजा करायचं, त्या वयात सरासरी किती मुलं होतात ते हिशेबात घ्यायचं, जन्मलेली मुलं तळाशी भरायची, आणि वयाच्या प्रत्येक गटाला असं पुढे सरकवत न्यायचं. शेवटी बाहेरून आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे.

जन्ममृत्यूचे दर मिळतात ते नमुना नोंदणी पद्धतीतून. देशभर निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत एक स्थानिक माणूस, अनेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, प्रत्येक जन्म आणि मृत्यू वर्षभर नोंदत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस त्याची वही न बघता घरोघर जाऊन स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात आणि जी नोंद एकीत आहे नि दुसरीत नाही, ती पुन्हा दारात जाऊन पडताळतात. दोन याद्यांच्या जुळणीवरून दोन्हींतून निसटलेल्यांचाही अंदाज काढता येतो, हे तत्त्व सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये मांडलं, तेही बंगालमधल्या सिंगूरच्या नोंदींवरून. पुण्यालाही या कामाची जुनी परंपरा आहे. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि 1953 मध्ये वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी प्रसिद्ध केली. या सगळ्या कामाबद्दल मला आदर आहे. अंदाज म्हणजे थापा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही.

शिवाय हे अंदाज जुळतातही. 2006 मध्ये तज्ज्ञ गटाने 2011 साठी देशाची लोकसंख्या सुमारे 119 कोटी 25 लाख धरली होती. मोजणीत निघाली 121 कोटी 9 लाख. दीड टक्क्याची चूक. महाराष्ट्राचा अंदाज तर जवळजवळ नेमका बसला: सुमारे 11 कोटी 27 लाख धरले होते, निघाले 11 कोटी 24 लाख.

एवढं दाखवून समोरचा विजयी मुद्रेने थांबतो. खरं तर त्याच तक्त्यात थोडं खाली जायला हवं. तमिळनाडूत सुमारे 6 कोटी 74 लाख धरले होते, निघाले 7 कोटी 21 लाख. दिल्लीत 1 कोटी 84 लाखांवर धरले होते, निघाले 1 कोटी 68 लाख. एका राज्यात सत्तेचाळीस लाख माणसं जास्त भरली, दुसऱ्यात सोळा लाखांहून अधिक कमी. अशा चुका एकमेकींत जिरतात म्हणून देशाची बेरीज शहाणी दिसते. जिल्हा, शहर, प्रभाग असं जसजसं खाली उतरावं, तसतसं जिरायला जागा उरत नाही.

याचं कारण दडलेलं आहे स्थलांतरात. जन्मदर आणि मृत्यूदर सावकाश बदलतात, त्यांचा माग ठेवता येतो. देशाच्या बेरजेत येणंजाणं नगण्य असतं. पुण्याच्या बेरजेत मात्र तेच मुख्य आहे. 2036 पर्यंतचे अंदाज देणाऱ्या तज्ज्ञ गटाच्या 2019 च्या अहवालाने राज्याराज्यांतलं येणंजाणं 2001 ते 2011 मध्ये होतं तसंच पुढे चालेल असं धरलं आहे. आणि तो अहवाल राज्याच्या पातळीवर थांबतो. शहरी किती, ग्रामीण किती एवढं सांगतो. त्यात पुणे शहराचा आकडा नाही, बिबवेवाडीचा असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे ‘केंद्राचे अंदाज आहेतच’ असं सांगणारा माणूस पुण्याबद्दल बोलताना असा अंदाज पुढे करतो, जो कोणी बांधलेलाच नाही.

पुण्यापुरता आकडा काढायचा तर प्रत्यक्षात काय करतात? पाणीपुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकातली दोन सोपी गणितं. जुन्या हद्दीतलं पुणे 2001 मध्ये 25 लाख 38 हजार होतं, 2011 मध्ये 31 लाख 24 हजार. दरवर्षी तेवढीच माणसं वाढतात असं धरलं, तर 2027 मध्ये सुमारे 40 लाख 60 हजार होतात. दरवर्षी तेवढेच टक्के वाढतात असं धरलं, तर 43 लाख 50 हजारांच्या आसपास. आकडे तेच, जनगणना त्याच, दोन्ही गणितं बरोबर, आणि फरक जवळपास तीन लाख माणसांचा. यातलं कुठलं गणित निवडायचं, हे गणित सांगत नाही. ते ज्याच्या हातात फाइल असते तो ठरवतो.

आणि मागच्या दहा वर्षांची रेघ पुढे ओढण्याने काय होतं, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. 1961 ची जनगणना मार्चमध्ये पुरी झाली. 12 जुलैला पानशेत धरण फुटलं. चार महिन्यांपूर्वी नदीकाठच्या पेठांत मोजलेली कुटुंबं सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा ठिकाणी जाऊन वसली. जिथे मोजणीत जेमतेम वस्ती होती तिथे वसाहती उभ्या राहिल्या. शहराची एकूण बेरीज फारशी हलली नाही. शहराच्या आतला नकाशा मात्र बदलून गेला. पाणी, शाळा, दवाखाना यांना तो आतला नकाशाच लागतो. बिबवेवाडीच्या शेजारचं सहकारनगर आजही त्याची साक्ष देतं.

राज्य सरकारने अंदाज बांधला तेव्हा काय झालं, तेही ताजं आहे. 2021 ची जनगणना नाही, म्हणून ऑक्टोबर 2021 मध्ये मंत्रिमंडळाने दहा वर्षांतली सरासरी वाढ गृहीत धरून महापालिका आणि नगरपालिकांची सदस्यसंख्या सुमारे 17 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. एक टक्केवारी, सगळ्यांना. आता 2001 ते 2011 मध्ये याच महाराष्ट्रात काय घडलं होतं ते पाहा. पुणे शहर 23 टक्क्यांनी वाढलं, शेजारचं पिंपरी-चिंचवड 70 टक्क्यांहून अधिक. त्याच काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे आकसले. घटत्या रत्नागिरीला आणि फुगत्या पिंपरीला एकाच मापाने मोजणारा आकडा अंदाज म्हणवून घ्यायला लायक नाही. पुढे सरकार बदललं, ऑगस्ट 2022 मध्ये ती वाढ रद्द झाली आणि गाडी परत 2011 वर आली. आकड्याला खाली जमीन नव्हती म्हणूनच तो इतक्या सहज आला आणि गेला.

अखेर 15 जानेवारी 2026 ला पुण्यात महापालिकेसाठी मतदान झालं ते 34 लाख 81 हजार 359 लोकसंख्येवर. हा आकडा समाविष्ट गावं धरून आहे, पण 2011 चा. 74 व्या घटनादुरुस्तीत लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना अशी व्याख्याच असल्याने दुसरा मार्गही नव्हता. 165 नगरसेवक, म्हणजे सरासरी एकामागे एकवीस हजार माणसं, पण ती पंधरा वर्षांपूर्वीची. या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणारी मुलगी त्या मोजणीत तीन वर्षांची होती. दरम्यान कुठल्या प्रभागात टॉवर उभे राहिले, कुठली वस्ती दुप्पट झाली, कुठल्या पेठेतले वाडे रिकामे झाले, याचा प्रभागरचनेत मागमूस नाही. देश चालला म्हणणाऱ्यांनी याला चालणं म्हणावं का?

‘आधार आहे ना’ हा पुढचा मुद्दा. आधार हा माणसाचा क्रमांक आहे, राहण्याच्या जागेची नोंद नव्हे. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या कित्येकांच्या आधारवर गावचाच पत्ता असतो, कारण रेशन, शेत, आईबाप सगळं तिकडे असतं. गेलेली माणसंही त्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. 2025 मध्ये मोहीम काढून दोन कोटींहून अधिक मृतांचे क्रमांक निष्क्रिय करावे लागले. मतदार यादीत मुलं नाहीत, आणि घर सोडून गेलेल्यांची नावं पुढच्या दोन-तीन निवडणुका तशीच असतात. जन्मनोंदणी तर महाराष्ट्रात आणखी फसवी. कायद्याने जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. दौंड-इंदापूरची बाळंतीण ससून रुग्णालयात आली की नोंद पुण्याची. उलट बिबवेवाडीतली सून पहिल्या बाळंतपणाला लातूरला किंवा सोलापूरला माहेरी गेली की बाळाची नोंद तिकडची, आणि तीन महिन्यांनी बाळ इकडचं. पहिलटकरणीने माहेरी जायचं ही रीत जोवर आहे, तोवर महापालिकेच्या जन्मनोंदीवरून इथल्या अंगणवाडीत किती मुलं येणार ते कळायचं नाही.

उरले विजेचे मीटर आणि मिळकतकराच्या नोंदी. घरं मोजा, घरटी माणसांनी गुणा, झाली लोकसंख्या. ही पद्धत जगभर वापरतात आणि ती वाईट नाही. पण ती बिबवेवाडीत लावून पाहा. मुख्य रस्त्यावर आणि महेश सोसायटीच्या बाजूला जुन्या सोसायट्या नि बंगले पाडून टॉवर चढताहेत. जिथे एक कुटुंब होतं तिथे मिळकतकराच्या चाळीस नोंदी होतात. त्यांतले काही फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूपबंद; काहींत निवृत्त नवराबायको, मुलं परदेशी. तिथून अप्पर डेपोच्या मागच्या गल्लीत या. तळमजल्यावर घरमालकाचं कुटुंब. बाजूने लोखंडी जिना, वर दोन खोल्या. एकीत यार्डात काम करणारी पाच पोरं, दुसरीत नवराबायको आणि तीन मुलं. त्याच्यावर पत्र्याची आणखी एक खोली, तीत नुकतंच आलेलं जोडपं. मीटर एक, मिळकतकराची नोंद एक, नळ एक. वर राहणारे वीजबिलाचे पैसे मालकाच्या हातात देतात. कुठल्याच कार्यालयाच्या वहीत ते नाहीत.

आता घरटी चार माणसं धरा. टॉवरमध्ये चाळीस नोंदींची एकशे साठ माणसं होतील, असतील कदाचित नव्वद. गल्लीत एका नोंदीची चार होतील, आहेत पंधरा-सोळा. दोन्हींची बेरीज करून क्षेत्रीय कार्यालयाचा आकडा काढला, तर तो बरोबर निघण्याचीही शक्यता आहे. अंदाजावर विश्वास ठेवणारे तेच दाखवून म्हणतील, पाहा, जमलं. पण अंगणवाडी चारशे ते आठशे लोकसंख्येमागे एक मिळते, आणि ती कुठे द्यायची हे बेरजेवरून ठरत नाही. शहरी आरोग्य केंद्र पन्नास हजारांमागे एक, तेही कुठे बांधायचं हा प्रश्न उरतोच. बरोबर बेरजेच्या पोटात दोन्हीकडे चूक असते, आणि तोटा नेहमी लोखंडी जिन्याच्या वरच्या माणसाचा होतो.

पाण्याचं तर पुण्यात दरवर्षी युद्धच होतं. महापालिका लोकसंख्या वाढलेली दाखवून वर्षाला 20 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी मागते. जलसंपदा विभाग त्याच लोकसंख्येवर बोट ठेवून कमी मंजूर करतो. डिसेंबर 2018 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या निकालात पुण्याचा हक्क 8.19 टीएमसीवर आला होता. या भांडणात माणसांच्या आकड्याला किती वजन आहे ते बघा. माणशी दिवसाला दीडशे लिटर धरले, तर दहा लाख माणसांना वर्षाला 1.93 टीएमसी लागतं. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी आहे. म्हणजे दहा लाख माणसं आहेत की नाहीत या वादात एक अख्खं खडकवासला धरण अडकलेलं असतं. पलीकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी खडकवासल्याच्याच कालव्याच्या आवर्तनाची वाट बघतो. त्याचा संशय रास्त आहे, शहराची तहानही खोटी नाही, आणि दोघांमध्ये निवाडा करू शकेल असा मोजलेला आकडा कुणाकडे नाही.

रेशनच्या दुकानात हेच चित्र उलटं होतं. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, त्याची संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली. महाराष्ट्राला 7 कोटी 16 हजार लाभार्थ्यांची मर्यादा. शहरी भागासाठी 45.34 टक्के. या मर्यादेला सरकारी भाषेत इष्टांक म्हणतात. अप्परमधल्या बाईकडे केशरी कार्ड असतं, उत्पन्न मर्यादेत असतं, कागद पुरे असतात, आणि तिला उत्तर मिळतं की इष्टांक संपला, कुणाचं नाव कमी झालं की बघू. लोकसंख्या वाढली तसा इष्टांक वाढायला हवा होता. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी 2020 मध्ये हिशेब मांडला होता की, जुन्या आकड्यामुळे देशभरात दहा कोटींहून अधिक माणसं कायद्याबाहेर राहिली आहेत. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला ही संख्या नव्याने ठरवायला सांगितलं. इथे तर तज्ज्ञ गटाचा अंदाज चांगला कामाचा होता, महाराष्ट्रासाठी तो मागच्या वेळी जवळजवळ नेमका बसला होता. तरी तो वापरला गेला नाही, कारण कायदा म्हणतो प्रसिद्ध झालेली जनगणना. जिथे अंदाज चालतो तिथे तो नाकारायचा आणि जिथे चालत नाही तिथे त्याची ग्वाही द्यायची, हा प्रकार मला संतापजनक वाटतो.

एक आक्षेप उरतो आणि तो तगडा आहे. जनगणनेतूनही माणसं सुटतात. 2011 नंतरच्या पडताळणी पाहणीत हजारी 23 माणसं सुटल्याचं आढळलं. म्हणजे पावणेतीन कोटींच्या घरात. अंदाजाची चूक दोन कोटींहून कमी आणि मोजणीची पावणेतीन कोटी, मग मोजणीच जास्त चुकीची नाही का? नाही, कारण तो अंदाज 2001 च्या जनगणनेच्या पायावर उभा होता, आणि त्या जनगणनेतही जवळपास तेवढ्याच प्रमाणात माणसं सुटली होती. पायातली त्रुटी अंदाजात आपसूक उतरते. मोजणीची चूक आपल्याला कळते तीही पुन्हा दारात जाऊन मोजल्यामुळे.

घर बदललं की सरकारी कार्यालयात नोंदवणं जिथे सक्तीचं आहे, त्या जर्मनीचं उदाहरण द्यायला हवं. त्यांनी पश्चिम भागात 1987 नंतर मोजणी केली नव्हती, नोंदवह्यांवरून आकडा पुढे नेला होता. 2011 मध्ये मोजलं तेव्हा देशात सुमारे पंधरा लाख माणसं कमी भरली. एकट्या बर्लिनमध्ये जवळपास एक लाख ऐंशी हजार. निधी कापला जाणार म्हणून बर्लिन आणि हॅम्बुर्ग घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. नोंदवह्या एवढ्या चोख ठेवणाऱ्या देशात चोवीस वर्षांत हे झालं. आपल्याकडे भाड्याची खोली बदलणाऱ्याची नोंद होते ती फार तर दूधवाल्याच्या वहीत.

अंदाज नकोतच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. 2011 च्या आकड्याला कवटाळून बसणं हाही अन्यायच आहे, आणि जलसंपदा विभागाने किंवा अन्नपुरवठ्याच्या कार्यालयाने ‘अधिकृत आकडा एवढाच’ म्हणणं मला मान्य नाही. माझं म्हणणं आहे की, अंदाज जनगणनेच्या जागी बसत नाही, तो तिच्या खांद्यावर उभा राहतो; आणि शहराच्या आतला अंदाज बांधायचा तर तो उघड्यावर बांधला पाहिजे. अमेरिकेचं जनगणना खातं दरवर्षी 1 जुलैचा अंदाज गावागावांसाठी प्रसिद्ध करतं, तो कसा काढला ते सांगतं, आणि एखाद्या नगरपालिकेला पटला नाही तर पुरावे घेऊन आव्हान द्यायची सोय ठेवतं. आपल्याला ही रीत परकी नाही. प्रभागरचनेचा आराखडा निघाला की हरकती-सूचना मागवतातच, लोक रांगा लावून त्या देतात.

प्रशासकीय सीमा 31 डिसेंबर 2025 ला गोठल्या, घरयादीचा टप्पा 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि माणसांची मोजणी 2027 च्या फेब्रुवारीत. या वेळी अप्परच्या गल्लीत प्रगणक लोखंडी जिना चढून वर जातो की खालच्या घरमालकाला विचारून पुढे सरकतो, यावर पुढची कितीतरी वर्षं अवलंबून आहेत. त्याला पुरेसे दिवस, पुरेसं मानधन आणि सोबतीला वस्तीतलं माणूस द्यायला हवं. आणि प्रभागवार आकडे हाती आले की पुढची जनगणना येईपर्यंत गप्प बसायचं नाही. भोगवटा पत्रं, नळजोड, मनपा शाळांचे पट, आईच्या राहत्या पत्त्यासह जन्मनोंदी हे सगळं महापालिकेच्याच दफ्तरात आहे. लोकसंख्याशास्त्राचं केंद्र गोखले संस्थेत आहे, दुसरी मोठी संस्था मुंबईत देवनारला. पंधराही क्षेत्रीय कार्यालयांचा अंदाज दरवर्षी, कमीत कमी एवढा आणि जास्तीत जास्त एवढा अशा दोन टोकांसह जाहीर व्हावा, कसा काढला ते सोबत छापलं जावं, तीस दिवस हरकती घ्याव्यात, आणि एकदा ठरला की पाण्याला, रेशनला, अंगणवाडीला नि दवाखान्याला तोच एक आकडा लागू असावा. 2027 चे प्रभागवार आकडे प्रसिद्ध होतील त्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करा, अशी मागणी नव्या 165 नगरसेवकांपैकी कुणीतरी मुख्य सभेत आत्ताच लेखी मांडावी.